दाराआडची लेक

गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही शिकत होतो, तेव्हा नाताळच्या सुट्टीपूर्वीच्या एका संध्याकाळी आमच्या एका प्राध्यापक फादरांनी व्हिडिओ कॅसेटवर जुना इंग्रजी चित्रपट दाखविला होता. ‘कम टू द स्टेबल’ हे त्याचे नाव आणि १९४९ हे साल. फ्रान्सहून अमेरिकेत आलेल्या दोन धर्मभगिनी, गाठीला पैसा नसताना, मुलांसाठी रुग्णालय उभारण्याचा ध्यास घेतात, एवढेच त्याचे कथानक. जीपगाडी हाकणाऱ्या आणि टेनिसच्या मैदानात उतरणाऱ्या त्या सिस्टर्स पाहून आम्ही मुले मनमुराद हसलो होतो. ज्या मठाच्या उभारणीवरून ही कथा सुचली, तो कनेक्टिकट राज्यातील रेजिना लॉदिस हा बेनेडिक्टाइन भगिनींचा मठ. पुढे १९६३ साली डोलोरेस हार्ट नावाची हॉलिवूडची तरुण नटी चित्रपटसृष्टीकडे पाठ फिरवून त्याच मठात दाखल झाली. पण ती कथा वेगळी.

त्या चित्रपटातील सिस्टर मार्गारेट म्हणजे लोरेटा यंग. तिच्या चेहऱ्यावरील सात्त्विक भाव पाहून आमच्यातील एकाने विचारले, “फादर, ही पुढे खरोखरच सिस्टर झाली का?” फादर म्हणाले, “नाही रे. पण फार चांगली कॅथलिक बाई आहे.” त्यानंतर काही वर्षांनी तिच्या मुलीने लिहिलेले आत्मचरित्र आमच्या हाती पडले. ते वाचून आम्ही बराच काळ अस्वस्थ राहिलो. फादरांचे वाक्य खोटे होते असे आम्हांला आजही वाटत नाही. परंतु ‘चांगली कॅथलिक’ ह्या दोन शब्दांखाली किती काय दडपले जाऊ शकते, हे त्या वाचनाने आम्हांला प्रथम दाखविले.

लोरेटाचे मूळ नाव ग्रेचन. जन्म ६ जानेवारी १९१३ रोजी, यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे. ती तीन वर्षांची असतानाच वडिलांनी संसार वाऱ्यावर सोडला. आई लेकरांना घेऊन लॉस एंजलिसला आली आणि भाडेकरूंना राहण्याजेवण्याची सोय करून देणारे घर चालवून तिने मुलांना वाढविले. मूकपटांचे ते दिवस होते. चित्रीकरणासाठी मुले लागत, घराला पैसे लागत. वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून ग्रेचन आणि तिच्या बहिणी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहू लागल्या. मध्यंतरी रामोना कॉन्व्हेंट ह्या सिस्टरांच्या शाळेत काही काळ शिक्षण झाले. १९२८ साली, पंधराव्या वर्षी, लॉन चेनी ह्या नामांकित नटासमोर ती नायिका म्हणून झळकली. सतराव्या वर्षी घरातून पळून जाऊन ग्रँट विदर्स ह्या नटाशी तिने लग्न लावले. ते वर्षभरात रद्दबातल झाले. पुढे स्पेन्सर ट्रेसीशी प्रेम जडले. दोघेही कॅथलिक आणि तो विवाहित. त्या प्रेमाला विवाहाची वाट नाही हे जाणून १९३४ साली तो संबंध संपला.

आमच्या वाचकांनी इथे जरा थांबून हे १९३४ साल ध्यानात घ्यावे. चित्रपटांतील अनैतिकतेविरुद्ध अमेरिकेतील बिशपांनी त्या वर्षी मोठी मोहीम उघडली होती. ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ह्या संघटनेच्या नावाने लाखो कॅथलिकांनी असभ्य चित्रपटांवर बहिष्कार घालण्याची शपथ वाहिली. चित्रपटांसाठी जी आचारसंहिता १९३० साली तयार झाली होती, तिचा मसुदा लिहिण्यात डॅनियल लॉर्ड ह्या येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा वाटा होता. आणि जुलै १९३४ पासून ती कडकपणे राबविण्याचे काम ज्यांच्याकडे आले, ते जोसेफ ब्रीन हेही कॅथलिकच. त्यामागचा हेतू आम्ही वाईट म्हणणार नाही. पण चित्रपटकंपन्या नटनटींच्या खासगी वर्तनाच्या बाबतीत आधीच सावध होत्या, करारपत्रांत नीतीचे कलम असे, आणि त्यात आता धर्मगुरूंच्या प्रवचनांची भर पडली. कोणा नटीच्या हातून घसरण झालीच, तर तिच्यापुढे क्षमेचा दरवाजा आहे, असे सांगणारा आवाज त्या गदारोळात कितीसा ऐकू गेला असेल?

१९३५ च्या आरंभी, वॉशिंग्टन राज्यातील माउंट बेकरच्या बर्फात, ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ ह्या चित्रपटाचे काम चालले होते. नायिका लोरेटा, वय बावीस. नायक क्लार्क गेबल, वय चौतीस, विवाहित, आणि त्या घटकेला अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय नटांपैकी एक. परतल्यावर काही दिवसांनी लोरेटाला कळले की आपल्याला दिवस गेले आहेत.

अशा वेळी हॉलिवूडमध्ये कोणता मार्ग सुचविला जाई, हे सांगावयास नको. लोरेटाने तो स्वीकारला नाही. पोटातील जीव मारावयाचा नाही, हा तिचा निर्णय होता, आणि तो तिने आपल्या धर्मश्रद्धेपोटी घेतला. तिच्या चरित्रातील ह्या पानापुढे आम्ही मस्तक नमवितो. उत्पन्न, नाव, घराची जबाबदारी, सारे पणाला लागलेले असताना बावीस वर्षांच्या मुलीने हे केले.

परंतु लगेचच दुसरे पान उलटते. उन्हाळ्यात ती आईबरोबर युरोपला गेली. परतल्यावर प्रकृती बरी नसल्याचे जाहीर झाले. पत्रकारांना संशय येऊ लागला, तेव्हा अंथरुणात, पांघरुणाखाली पडून तिने एक मुलाखतही दिली. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी लॉस एंजलिसजवळच्या व्हेनिस ह्या उपनगरात, एका घराच्या बंद दारामागे, मुलगी जन्मली. काही महिन्यांनी त्या तान्हुलीला सान फ्रान्सिस्कोच्या एका बालकाश्रमात ठेवण्यात आले. आणि १९३७ साली वृत्तपत्रांतून बातमी आली की, लोरेटा यंग ह्या अभिनेत्रीने एक अनाथ मुलगी दत्तक घेतली आहे. लोकांनी तिच्या औदार्याची वाखाणणी केली. जन्मदात्रीने स्वतःच्याच लेकीला दत्तक घ्यावे, असा हा प्रकार.

मुलीचे नाव ज्युडी. तिचे कान गेबलसारखेच मोठे आणि पुढे आलेले होते. लहानपणी ते टोपीखाली झाकले जात. सात वर्षांची झाल्यावर शस्त्रक्रिया करून ते मागे बसविण्यात आले. आपल्याला एवढे दुखविण्याचे कारण त्या मुलीला कळणे शक्यच नव्हते. १९४० साली लोरेटाने टॉम लुईस ह्या नभोवाणीच्या निर्मात्याशी विवाह केला, दोन मुलगे झाले. ज्युडीला लुईस हे आडनाव मिळाले, पण टॉम लुईस यांनी तिला रीतसर दत्तक घेतलेच नाही. ती पंधरा वर्षांची असताना एक दिवस शाळेतून घरी आली, तो दिवाणखान्यात क्लार्क गेबल बसलेला. त्याने तिची आस्थेने चौकशी केली, गप्पा मारल्या, आणि निघताना तिच्या कपाळाचे चुंबन घेतले. एवढा मोठा नट आपल्याशी इतके का बोलला, ह्याचे तिला नवल वाटले. पुन्हा ती भेट झाली नाही.

दरम्यान लोरेटाची कीर्ती वाढत होती. ‘द फार्मर्स डॉटर’ ह्या १९४७ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले. त्यानंतर तिने जे केले, ते त्या काळी धाडसाचे होते. चित्रपटातील मोठी नटनटी मंडळी दूरचित्रवाणीला कमी लेखत. स्टुडिओंचाही तिकडे जाण्याला विरोध असे. लोरेटाने १९५३ साली एनबीसी वाहिनीवर स्वतःचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू केला. आरंभी त्याचे नाव ‘लेटर टु लोरेटा’ होते, कारण प्रेक्षकाच्या पत्राला उत्तर म्हणून एकेक नाटिका सादर होई. पुढे तो ‘द लोरेटा यंग शो’ ह्या नावाने गाजला. १९६१ पर्यंत आठ वर्षे आणि अडीचशेहून अधिक भाग. कधी ती शेतकऱ्याची बायको झाली, कधी राणी, कधी सिस्टर. तीन एमी पारितोषिके मिळाली. ऑस्कर आणि एमी हे दोन्ही मान तिने पटकावले.

त्या कार्यक्रमाचा प्रारंभ अमेरिकेतील एका पिढीच्या आठवणीत कायमचा राहिला आहे. दिवाणखान्याचे दार उघडे. त्यातून पायघोळ, घेरदार झगा ल्यालेली लोरेटा आत येई, एक गिरकी घेऊन दार लावी, आणि हसतमुखाने प्रेक्षकांशी बोलू लागे. रविवारची रात्र, घरोघरी कुटुंबे टीव्हीसमोर बसलेली. शेवटी पुन्हा तीच समोर येऊन बायबलमधील वा कोणा थोर लेखकाचे बोधवचन वाचून निरोप घेई. आपल्याकडे रामायण-महाभारताच्या मालिकांच्या वेळी रविवारच्या मिस्सेच्या वेळांची जी ओढाताण होई, ती ज्यांना आठवते, त्यांना ह्या बाईचे त्या समाजातील स्थान समजेल. (ह्या झग्यांचा तिला एवढा अभिमान की, जुने भाग पुन्हा दाखविताना जुन्या पद्धतीचे झगे असलेला तो आरंभही दाखविला म्हणून तिने वाहिनीवर दावा लावला आणि १९७२ साली साडेपाच लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळविली!)

तिच्या सेटवर एक पेटी ठेवलेली असे. कोणी शिवी उच्चारली की दंडाची रक्कम त्या पेटीत टाकावयाची. हॉलिवूडमध्ये ह्या पेटीची पुष्कळ थट्टा झाली. पण तो पैसा कोठे जाई, हे थट्टा करणाऱ्यांपैकी कितीजणांना जाणवले असेल? तो जाई लॉस एंजलिस येथील सेंट ॲन्स ह्या अविवाहित मातांच्या प्रसूतिगृहाला. हे वाचले, तेव्हा त्या पुस्तकावर आमचा जो काही राग धुमसत होता, तो एकाएकी ओसरला. हीच बाई ढोंगी कशी म्हणावी? जे ऋण उघडपणे फेडता येत नव्हते, ते ती दुसऱ्यांच्या शिव्यांच्या दंडातून फेडीत होती.

आता ज्युडीकडे वळू. १९५८ साली, विवाह तोंडावर आला असता, आपण कोण हे आपल्यालाच ठाऊक नाही, अशा अवस्थेत लग्न कसे करावे, असे तिने नियोजित वराला सांगितले. तेव्हा त्याने तिला तिच्या पित्याचे नाव सांगितले. हॉलिवूडमध्ये सर्वांना जी गोष्ट ठाऊक होती, ती केवळ तिलाच नव्हती! दोन वर्षांनी गेबलचा मृत्यू झाला. ज्युडीही अभिनेत्री झाली; ‘द सीक्रेट स्टॉर्म’, म्हणजे ‘गुप्त वादळ’, ह्या नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेत ती कित्येक वर्षे काम करीत होती. नाव तिने निवडलेले नव्हते, एवढेच आम्ही म्हणू. अखेर १९६६ साली, एकतिसाव्या वर्षी, तिने आईला समोरासमोर विचारले. लोरेटाला ओकारी आली. नंतर तिने सत्य कबूल केले. आणि त्या वेळी आपल्याविषयी ती जे बोलली, ते ज्युडीने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नोंदविले आहे. तू म्हणजे माझे चालतेबोलते महापाप, अशा अर्थाचे ते उद्गार होते.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर मायलेकींचे बोलणे काही वर्षे तुटले. पुढे समेट झाला. लोरेटाने आपल्या चरित्रात सत्य मान्य केले, पण ते मरणानंतरच छापावे, अशी तिची अट होती. १२ ऑगस्ट २००० रोजी ती कर्करोगाने वारली. चरित्र त्याच वर्षाच्या अखेरीस निघाले. ज्युडीने उत्तरायुष्यात मानसोपचाराचे शिक्षण घेऊन कुटुंबांना सल्ला देण्याचे काम केले. २०११ साली तीही गेली.

इतक्यावर हे प्रकरण मिटले असते. परंतु २०१५ साली लोरेटाच्या सुनेने एक हकीकत उघड केली. १९९८ च्या सुमारास, पंचाऐंशी वर्षांच्या लोरेटाने टीव्हीवरील एका मुलाखतीत, ओळखीच्याच पुरुषाने केलेल्या बलात्कारासाठी वापरला जाणारा नवा शब्द ऐकला. तिने त्याचा अर्थ विचारला. अर्थ कळल्यावर ती म्हणाली की, माझ्या आणि क्लार्कच्या बाबतीत घडले ते हेच. ही हकीकत उघड झाली तेव्हा ज्युडी हयात नव्हती. गेबलला उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून ह्यावर निवाडा देण्याचा अधिकार आमचा नाही. पण ती हकीकत खरी असेल, तर साठ वर्षांहून अधिक काळ त्या बाईने दुसऱ्याचे पाप आपले म्हणून वाहिले; आणि ते तिने कधी पापनिवेदनाच्या खुर्चीपाशी उतरविले असेल, तर पलीकडे बसलेल्या आमच्यासारख्या कोणी “बाई, तुमची त्याला संमती होती का?” असा एक प्रश्न विचारला असेल का, ही शंका आम्हांला छळते. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला संमतीचे विवेचन पानोपानी शिकविले गेले. ते सारे पाप करणाऱ्याच्या संमतीविषयी होते.

महापाप हा शब्द मात्र आम्ही सोडून देऊ शकत नाही, कारण तो लोरेटाला आपल्याकडूनच मिळालेला होता. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाला विशेष सूट मिळाल्याशिवाय धर्मगुरू होता येत नसे. पाप मातापित्यांचे, अडथळा मुलाला. १९८३ च्या संहितेने ही अट काढून टाकली. पण १९८३ साली लोरेटा सत्तर वर्षांची होती. आणि नियम गेला तरी नजर लगेच जाते असे थोडेच आहे?

असे असण्याचे खरे तर आपल्याला कारण नव्हते. संत अगुस्तीन यांना विवाहाविना झालेला मुलगा होता, हे आपण सारे जाणतो. त्याचे नाव आदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. ‘कबुलीजबाब’ ह्या ग्रंथात अगुस्तीन त्याच्याविषयी जे लिहितात, त्याचा आशय असा की, ह्या मुलात माझे म्हणावे असे माझ्या पापाखेरीज काहीच नव्हते. बाकी जे चांगले होते ते सारे, हे देवा, तुझे. शब्द जवळपास तेच, पण रोख किती निराळा! अगुस्तीन पाप स्वतःकडे घेतात आणि मुलगा देवाकडे देतात. ३८७ सालच्या पास्काच्या रात्री मिलान येथे संत अम्ब्रोज यांच्या हस्ते बापलेकांचा स्नानसंस्कार एकाच वेळी झाला, सर्वांदेखत. त्या मुलाच्या आईचे नाव मात्र अगुस्तीनांनी कोठेही लिहिले नाही, ह्याचीही नोंद करणे भाग आहे.

आता जे लिहावयाचे, ते लिहिताना लेखणी अडखळते. परंतु लोरेटाच्या घराचे दार उघडून दाखविल्यावर आपले बंद ठेवणे न्यायाचे होणार नाही. दीक्षेनंतरच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही वसईच्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. एक आजी आपल्या अविवाहित लेकीच्या तान्ह्या मुलीच्या स्नानसंस्कारासाठी आल्या. लेक खाली मान घालून मागे उभी होती. संहितेचे आठशे सत्त्याहत्तरावे कलम आम्हांला मुखोद्गत होते: आईची मागणी असेल तर तिचे नाव घालावे, पित्याचे नाव दस्तऐवजाचा पुरावा असेल किंवा त्याने स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यापुढे कबुली दिली असेल, तरच. आम्ही आईचे नाव लिहिले, पित्याचा रकाना रिकामा सोडला. इथवर सारे नियमानुसार. मग आजींनी विचारले, “फादर, रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांच्या पोरांबरोबर करूया ना?” आम्ही म्हणालो, “आजी, रविवारी गर्दी असते. मंगळवारी दुपारी या.” त्यांनी आमच्या तोंडाकडे क्षणभर पाहिले, आणि बरे म्हणाल्या. मंगळवारी दुपारी तीन वाजता, रिकाम्या चर्चमध्ये, आम्ही त्या बाळाच्या मस्तकावर पाणी ओतले. लोकांच्या तोंडापासून आपण त्या कुटुंबाला वाचविले, अशी आमची तेव्हा प्रामाणिक समजूत होती.

पंचवीस वर्षांनी, त्याच धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू म्हणून आमची नेमणूक झालेली असताना, ती मुलगी विवाहासाठी स्नानसंस्काराचा दाखला मागावयास आली. (हे तिच्या अनुमतीने, नावगाव वगळून लिहीत आहोत.) आम्ही नोंदवही उघडली. ती बँकेत नोकरी करणारी, तारखांची चांगली जाण असलेली. मोबाइलवर काहीतरी पाहून ती म्हणाली, “फादर, हा मंगळवार होता. माझ्या सगळ्या मामेभावंडांचे स्नानसंस्कार रविवारी झालेत. आजी म्हणायची, फादरांना रविवारी वेळ नव्हता.”

आजी जाऊन सहा वर्षे झाली होती. आमची लाज झाकण्यासाठी त्यांनी मरेपर्यंत आमच्यातर्फे हे खोटे सांभाळले होते.

आम्ही म्हणालो, “बाळ, वेळ होता. आजींनी रविवारच मागितला होता. मंगळवार आम्ही ठरविला.”

ती बराच वेळ नोंदवहीकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, “फादर, लग्नाची घोषणा चर्चमध्ये वाचतात, त्यात आईवडिलांची नावे असतात ना? माझ्या वेळी फक्त आईचे नाव वाचाल? आणि तुम्हीच वाचा. ब्रदरला सांगू नका.” दाखला घडी करून तिने पर्समध्ये ठेवला आणि ती गेली. पुढले तीन रविवार, सकाळच्या मोठ्या मिस्सेला, आम्ही ते नाव वाचले.